डाव्या हाताचा मळ

पुण्याहून रात्री निघालेली ट्रॅव्हल्स सकाळी सहाच्या सुमाराला लातूरला टेकली. डिक्कीतून ते लांबलचक खोकं ओढून काढताना हमालानं विचारलं, "सायेब, काय हाय ह्याच्यात?" मी म्हणालो, "पियानो." त्यानं एक टोक उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि जोडीदाराला हाळी दिली, "कॅसिओ हाय रे. पण लईच जड हाय."

आमच्याकडे पेटी ती पेटी आणि बाकी पट्ट्या असलेलं सगळं कॅसिओ. गणपतीच्या ऑर्केस्ट्रातला कॅसिओ, बँडच्या गाडीवरचा कॅसिओ, भाच्याला वाढदिवसाला दिलेलं खेळणं तेही कॅसिओच. मी काही त्याला दुरुस्त करायला गेलो नाही, कारण तो फारसा चुकलेला नव्हता. खोक्यात डिजिटल पियानो होता. तारा नाहीत, नमद्याचे हातोडे नाहीत. कुठल्याशा खऱ्या पियानोचे ध्वनिमुद्रित करून ठेवलेले सूर आणि मुद्दाम जड केलेल्या 88 पट्ट्या, 52 पांढऱ्या, 36 काळ्या. खऱ्या पियानोत दोनशेहून जास्त तारा असतात आणि त्यांचा मिळून ताण टनांत मोजावा लागतो. तो पेलायला आत ओतीव लोखंडाची चौकट असते. तसला पियानो दोन जिने चढवून आमच्या फ्लॅटमध्ये आणायचा आणि लातूरच्या एप्रिलमध्ये तो सुरात ठेवायचा, हे माझ्या पगाराचं आणि आमच्या हवेचं काम नव्हे. हा वापरलेला होता. एका घरातली मुलगी शिकायला परदेशी गेली आणि तिच्या आईबापांनी तो विकायला काढला. खोक्यात तळाशी तिच्या शाळेच्या वहीचा एक कागद सापडला. त्यावर पेन्सिलनं बोटांचे आकडे लिहिले होते: एक, तीन, पाच, एक, तीन, पाच.

ही 2021 च्या दिवाळीनंतरची गोष्ट. तेव्हा मी 51 वर्षांचा होतो. कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, आणि लहानपणापासून पेटी वाजवत आलोय, म्हणजे भजनापुरती. घरातले झोपल्यावर हेडफोन लावून पहिल्या रात्री पियानोसमोर बसलो. उजवा हात लगेच चालायला लागला. ओळखीची एक गवळण निघाली, मग दुसरी. सूर पेटीपेक्षा वेगळे, थेंबासारखे पडणारे. पण हात ओळखत होता. पाचेक मिनिटांनी लक्षात आलं की आपला डावा हात पियानोच्या मागच्या बाजूला गेलाय आणि तिथली भिंत चाचपडतोय.

तो भाता शोधत होता.

पेटीवाल्याच्या डाव्या हाताला वाजवणारा हात असं कुणी म्हणत नाही. बोटं उजव्याची, मुरक्या उजव्याच्या, 'वा बुवा' तेही उजव्यालाच. डावा आपला मागं बसून हवा भरतो. प्रसाद घ्यायला तो चालत नाही, ताटावर बसला तरी मांडीवर पडून राहतो, आणि सोपं काम असलं की आपण म्हणतो, हा तर माझ्या डाव्या हाताचा मळ. पन्नास वर्षं मीही त्याच्याकडे याच नजरेनं पाहिलं होतं. आता पियानो म्हणत होता, यालाही पाच बोटं आहेत, याचं काय करायचं ते सांग.

यूट्यूबवर शिकायला लागलो. तिथं शिकवणारे सगळे विशीतले, आणि सगळे आधी आनंदी गाणं शिकवतात. टाळ्या वाजवत म्हणायची, उड्या मारत म्हणायची गाणी. माझं मन तिकडं जाईना. मला हवी होती ती दिवेलागणीची गाणी. ऐकताना रडू येत नाही, पण हातातलं काम जरा वेळ थांबतं, ती. या गाण्यांना इंग्रजीत दोन चवींचा मिळून एक शब्द आहे, बिटरस्वीट. मराठीत त्यासाठी वेगळा शब्द घडवायची गरज नाही. आपल्याकडे हुरहुर आहे.

हे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. दुःख, शोक, खेद, विरह हे संस्कृतातून आलेले धीरगंभीर शब्द एकदा उच्चारले की संपतात. पण मनाच्या बारीकसारीक दुखण्यांसाठी मराठी माणूस बहुतेक वेळा शब्द दोनदा वाजवतो. दुसऱ्याचं वाईट झालं की हळहळ. थोडक्यात काही हुकलं की चुटपुट. करायचं होतं ते राहून गेलं की रुखरुख. जीव कुठंच लागत नसेल तर तगमग. आणि कारण सांगता येत नाही, नाहीसं व्हावं असंही वाटत नाही, ती हुरहुर. माहेराहून निघालेल्या बाईला फाट्यावर एसटीची वाट बघताना जे होतं ते दुःख नव्हे. तिला सासरी जायचंच असतं. तिथं तिची लेकरं असतात. तरी हुरहुर असतेच. जात्यावरच्या ओव्यांचा मोठा भाग या एकाच फाट्यावर उभा आहे. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या. त्या चाळताना मला एक गोष्ट जाणवली: दुष्काळावर, पाण्यावर, उपासमारीवर बाईनं जेवढं गायलंय त्याच्या कैक पटींनी भाऊ, आई, लेक आणि माहेरची वाट यांवर गायलंय. मराठवाडा म्हटलं की बाहेरच्या माणसाला वाळलेली विहीर दिसते. आमच्या आयाबायांनी मात्र गाण्यासाठी विहीर निवडली नाही, वाट निवडली.

हा शब्द दोनदा वाजवायचा प्रकार पुढं मला पियानोवर भेटला. ते नंतर.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, अंबाजोगाई तालुक्यातल्या आमच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते आणि भजनी मंडळाचे पेटीवाले. पट्टी काळी एक. मंडळातला कुणीही कितीही उंच सुरू करो, अण्णा त्याला गुमान काळी एकवर आणून सोडत. रूपाचा अभंग, मग इतर अभंग, गवळण, आणि पहाटेकडे भैरवी. भैरवी म्हणजे रडगाणं ही समजूत पेटीच्या क्लासवाल्यांनी पसरवलेली आहे, असं माझं मत आहे. भैरवी म्हणजे निरोप. उठायची वेळ झाली, चहा ठेवा, एवढाच तिचा अर्थ; आणि तरीही ती सुरू झाली की सतरंजीवर जागा सोडायला कुणी तयार नसायचं. कोमल स्वर म्हणजे दुःखी स्वर हेही तसंच. आपल्या पूर्वजांनी त्या सुरांना कोमल म्हटलं, मऊ. पश्चिमेत त्याच जातीच्या गाण्याला मायनर म्हणतात, म्हणजे लहान. दुःखी कुणीच म्हटलेलं नाही, ते आपण ऐकणाऱ्यांनी चिकटवलं.

2016 चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. 'जलदूत' बघायला लोक स्टेशनकडे धावले. आम्ही नव्हतो गेलो, कारण त्याच महिन्यात अण्णांना झटका आला होता आणि डावी बाजू गेली होती. वाचा जरा जड झाली, पण राहिली. उजवा हात धड होता. डावा मात्र दुसऱ्या कुणाचा तरी आपल्याजवळ सांभाळायला ठेवल्यासारखा मांडीवर पडून असायचा. आई दिवसातून दोनदा त्याच्या मुठीत रबरी चेंडू द्यायची. तो घरंगळत पलंगाखाली जायचा, ती वाकून काढायची, पुन्हा द्यायची.

तीनेक महिन्यांनी आषाढी एकादशीला ते म्हणाले, "पेटी काढ." मी काढली, त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी उजव्या हातानं पट्टी दाबली. अर्थातच काही वाजलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बघायलास काय? भाता मार."

पेटीच्या पलीकडे बसून मी भाता मारायला लागलो. सुरुवातीला सायकलला हवा भरावी तसा. "अरे, चूल फुंकायलास का?" अण्णा तोंड वाकडं करून, म्हणजे ते आता वाकडंच होतं, ओरडले. मला वाटलं होतं, यात काय आहे, डाव्या हाताचा मळ. पुढची तीन वर्षं मी ते शिकत होतो. सूर लांबवायचा असला की भाता सावकाश सोडायचा, त्याला ओढायचं नाही. अभंगाचं चरण संपत आलं की आधीच हात रोखायचा, म्हणजे शेवटचा सूर आपोआप बारीक होत विरतो. 'विठ्ठल' या शब्दात ठ्ठ येतो तिथं किंचित दाब वाढवायचा, मग अक्षर उमटतं. अण्णांनी पन्नास वर्षं हे केलं होतं, पण कधी शिकवलं नव्हतं, कारण आपण ते करतो हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. स्वतःचा हात गेल्यावरच त्यांना कळलं की तो काय काय करत होता. मग ते चिडून चिडून मला सांगत. मी त्यांच्या बोटांकडे बघायचो, नंतर नंतर त्यांच्या छातीकडे बघायचो, कारण सूर धरायच्या आधी ते श्वास घेत आणि मला इशारा मिळे.

2019 च्या श्रावणात अण्णा गेले. तेराव्याच्या रात्री मंडळ भजनाला आलं. पेटीवर मी बसावं असा आग्रह झाला. मला जमणार नव्हतं. शेजारच्या गावचे एक बुवा बसले. अण्णांचीच पेटी. मी भिंतीला टेकून ऐकत होतो, डोळे कोरडे होते, कुणाकुणाला पाणी विचारत होतो. पुतण्या जवळ सरकून म्हणाला, "काका, हात कामून हलायलाय तुमचा?" पाहिलं तर डावा हात मांडीवर पुढं-मागं होत होता, बुवांच्या भात्याच्या लयीत नव्हे, त्यांच्यापेक्षा संथ.

पुढं दोन-सव्वादोन वर्षं मी काहीच वाजवलं नाही. दुःखात माणूस दुःखाची गाणी वाजवतो ही सिनेमावाल्यांनी रुजवलेली कल्पना आहे. पार्टी भरलीय, दिवे लागलेत, सुटाबुटातला नायक पियानोवर बसून मोडलेल्या मनाचं गाणं म्हणतोय, आणि नायिका जिन्यावर उभी. माझा अनुभव असा की दुःख ताजं असतं तेव्हा गाणं नकोच वाटतं, शेजाऱ्याच्या मोबाइलची रिंगटोनही नको वाटते. दुःख मुरून त्याची हुरहुर झाली की मगच ते बोटांत धरता येतं. त्याला किती दिवस लागतात हे माणसागणिक वेगळं. माझ्या बाबतीत ती पेटी माळ्यावर अण्णांच्या धोतरात गुंडाळलेली होती, उंदरांनी भात्याचं कातडं कुरतडलं होतं, आणि ती दुरुस्त करून आणायची हिंमत होत नव्हती. म्हणून पियानो. हे कारण मी बायकोला सांगितलं नाही. तिला सांगितलं, हेडफोन लावता येतो, कुणाला त्रास नाही.

पियानोची एक अडचण मात्र कुणीही पेटीवाला पहिल्या दिवशी ओळखतो: त्यात मींड नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, मधली जागा रिकामी. आपल्या संगीतात करुणा राहते ती नेमकी या मधल्या जागेत. दौलताबादचा किल्ला चढताना, मेंढा तोफ मागं टाकून अंधारीतून बाहेर आलो की मला दर वेळी शार्ङ्गदेव आठवतो. तेव्हाची ती देवगिरी. यादव राजा सिंघणाच्या पदरी तेराव्या शतकात हा माणूस इथं होता. आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले. त्यानं 'संगीतरत्नाकर' लिहिला आणि त्यात श्रुती समजावण्यासाठी बावीस-बावीस तारांच्या दोन वीणा घेतल्या; एक अचल ठेवायची, दुसरीच्या तारा उतरवत जायच्या आणि कान कुठं फरक पकडतो ते पाहायचं. भौतिकशास्त्राच्या मास्तराला याहून देखणा प्रयोग सापडणार नाही. आमच्याच मातीत सप्तकाचे बावीस बारकावे मोजले गेले आणि मी बसलोय बारा सुरांच्या खोक्यासमोर.

फरक ऐकू येण्याइतका आहे. सप्तकाचे 1200 भाग केले, ज्यांना सेंट म्हणतात, तर 6:5 या प्रमाणात नैसर्गिकरीत्या जुळणारा कोमल गंधार षड्जापासून साधारण 316 सेंटवर येतो. पियानोवर तो नेमका 300 वर ठोकून बसवलेला असतो. हल्लीच्या बहुतेक पेट्यांचंही तेच. याच कारणांवरून, मींड नाही आणि श्रुती नाहीत म्हणून, आकाशवाणीनं 1940 ते 1971 पेटीला बंदी घातली होती. अण्णांना ही गोष्ट फार लागलेली. "रेडिओनं दारात उभं केलं नाही," ते म्हणत, "विठोबानं पखवाजाशेजारी बसवलं."

मींड नाही, श्रुती नाही, शिवाय सूर धरून ठेवायचीही सोय नाही. पेटीचा सूर भाता चालू आहे तोवर जिवंत असतो. पियानोचा सूर हातोडा तारेला लागला त्या क्षणापासूनच विरायला लागतो. पायाखालचा पेडल दाबला तर तारांवरचे लगाम उचलले जातात आणि तो थोडा जास्त रेंगाळतो, पण वाढवता काही येत नाही. मग या वाद्यावर हुरहुर येते कुठून? मला वर्षभर पडलेला हा प्रश्न. उत्तर त्या रिकामटेकड्या डाव्या हातात होतं.

करून पाहण्यासारखं आहे. पेटीवरही होईल, कुणाला तरी भाता मारायला बसवा. उजव्या हातानं पांढरी तीन दाबा. खाली डाव्या हातानं पांढरी एक, तीन, पाच. घर उजळलेलं, पाहुणे आलेले. आता उजवा हात तिथंच ठेवा, अजिबात हलवू नका, आणि डाव्यानं पांढरी सहा, वरची एक, वरची तीन घ्या. वरचा सूर तोच. पण पाहुणे निघून गेलेत. कपबश्या तेवढ्या राहिल्यात. आपल्या रागसंगीतात सूर स्वतःच आपला अर्थ घेऊन येतो. इथं सुराचा अर्थ त्याच्या पायाशी कोण बसलंय त्यावर ठरतो. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा हेडफोन काढून मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो. मागं बसलेला, बोटं नसलेला, फक्त हवा भरणारा हात सगळं ठरवत होता.

मग शोपँ भेटला, एकोणिसाव्या शतकातला पोलिश पियानोवाला. नाव पूर्वी वाचलं होतं, वाजवायचा विचार केला नव्हता. त्याच्या 24 प्रेल्यूडांपैकी, म्हणजे पियानोच्या छोट्या चिजांपैकी, चौथा, ई मायनरमधला. छापील एक पान, जेमतेम 25 बार, म्हणजे तालाची 25 आवर्तनं. 1838 च्या हिवाळ्यात हा तिशीही न गाठलेला, छातीच्या दुखण्यानं खंगलेला माणूस मायोर्का बेटावर वाल्देमोसाच्या जुन्या मठात राहायला गेला. पॅरिसहून मागवलेला त्याचा पियानो कस्टमवाल्यांनी अडवून ठेवला, तो हातात यायला जानेवारी उजाडला. (आमच्या खोक्याला फक्त एक रात्र आणि हमालाचे दोनशे रुपये.) प्रेल्यूड तिथं पूर्ण झाले, 1839 मध्ये छापले गेले. दहा वर्षांनी, 1849 च्या ऑक्टोबरात, पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये त्याच्या अंत्यविधीला हाच चौथा प्रेल्यूड ऑर्गनवर वाजवला. ऑर्गन म्हणजे शेवटी पेटीचीच मोठी जात, हवेवर चालणारी. हे वाचलं तेव्हा मला उगाचच बरं वाटलं.

पांढरी तीनला सा धरा, म्हणजे ही चीज भजनी माणसालाही कळेल. सुरुवातीची उडी सोडली तर उजवा हात काय करतो? पंचम. लांब पंचम. मग जरासा कोमल धैवत, आणि परत पंचम. पुन्हा धैवत, पुन्हा पंचम. बस्स. दाराच्या चौकटीत उभं राहून एक पाय बाहेर टाकावा आणि आत घ्यावा तसं. पंचमावरून कोमल धैवताला नुसतं शिवून यायचं, ही आपल्याकडची किती जुनी खोड! मी ती कागदावरच्या गोऱ्या टिंबांत ओळखली तेव्हा मोठ्यानं हसलो, आणि बायको उठून बघायला आली.

पण खरी गोष्ट डाव्या हाताची. तीन सूर एकदम: कोमल गंधार, पंचम, वरचा सा. पहिल्या बारमध्ये तेच तीन सूर, आठ वेळा. ठक ठक ठक ठक. काही घडत नाही. मग पुढं गंधारावरचं बोट तेवढं उतरून रिषभावर येतं, बाकी दोघं जागेवर. मग पंचमावरचं उतरतं मध्यमावर. असं एकेक करून, बहुतेक वेळा अर्ध्याच सुरानं, तिघं खाली खाली जात राहतात. आमच्या गावात जुनी बारव आहे. माझ्या लहानपणी बायका तिच्यात उतरत तेव्हा अशाच उतरत. एकीनं पाय टाकून पायरी घट्ट आहे का पाहायची, मग दुसरीनं, तिसरी वर घागर धरून थांबलेली. उन्हाळा चढेल तसं पाणी एकेक पायरी मागं जायचं, आणि त्यांनाही एकेक पायरी जास्त उतरावं लागायचं. शोपँच्या कागदावर मला कायम त्या तिघीच दिसतात. आणि ते आठ-आठ ठोके, तोच सूर पुन्हा पुन्हा, हे म्हणजे शब्द दोनदा वाजवायची आपलीच सवय. हुर आणि लगेच पुन्हा हुर.

हे एक पान बसवायला मला सात महिने लागले. त्यातले पाच डाव्या हाताचे. आठ ठोके एकसारखे आले की ते शिवणयंत्र वाटतं. कमी-जास्त केले की नाटकी. एके रात्री कंटाळून मी बोटांचा विचार सोडला आणि भात्याचा विचार केला. सूर लांबतोय, सावकाश सोड. चरण संपत आलंय, हात रोख. दंडापासून बोटांपर्यंत काहीतरी सैल झालं. पियानोत हवा नसते, हे मला वर्गात सिद्ध करून दाखवता येईल. तरी त्या रात्री मी हवाच भरत होतो.

बायकोचं म्हणणं वेगळंच. "जरा आनंदाचं काहीतरी वाजवा की. तुमचा चेहरा बघवत नाही." मी तिला सांगून पाहिलं की वाजवताना मी दुःखी नसतो. खरंच नसतो. तेव्हा मी बोट कुठं पडतंय, पेडल कधी सोडायचा, पुढच्या ओळीत कोणतं बोट उतरणार या हिशेबात असतो. आचाऱ्याला पंगतीच्या वेळी भूक लागत नाही तसं. चेहरा वाकडा होतो तो एकाग्रतेनं. (अण्णांचाही होत असे, झटक्याच्या आधीपासून.) तिला काही पटलेलं नाही.

मग हुरहुर असते कुणाची? आमच्या गल्लीत ट्यूशनच्या मुलांची वसतिगृहं आहेत. लातूर पॅटर्न म्हणून सगळीकडून येतात; परभणी, हिंगोली, नांदेड, पार गडचिरोलीहून. रात्री अकराला अभ्यासिका सुटली की गच्चीवर मोबाइलचे चौकोनी उजेड दिसतात, कानात वायर, आणि सतरा वर्षांची ती पोरं तुटलेल्या प्रेमाची गाणी ऐकत उभी असतात. बहुतेकांनी प्रेम केलेलं नसतं, तुटायचं लांबच. एकदा वर्गात ध्वनिलहरी शिकवताना एकानं विचारलं, "सर, सॅड साँग ऐकल्यावर बरं का वाटतं?" वर्ग हसला. मी म्हणालो, हे अभ्यासक्रमात नाही, आणि पुढं गेलो. त्याची आठवण झाली की वाटतं, त्याला एवढं तरी सांगायला हवं होतं की प्रश्न जुना आहे. भवभूतीनं करुण हाच एक रस म्हटलं, आणि ज्ञानोबांच्या विराण्यांत वियोगाचं गाणं गाताना केवढा थाट आहे. ज्ञानोबांचं आपेगाव आमच्याच मराठवाड्यातलं. त्या मुलाला त्याच्या दुःखाचं गाणं नको होतं. त्याला घरापासून दूर असण्याला कुणाची तरी चाल हवी होती. सासुरवाशीणच ती, बारावी सायन्सची.

आणि आई. ती आता ब्याऐंशीची आहे, बाहेरच्या खोलीत झोपते. हेडफोन लावलेला असल्यामुळे माझा पियानो घरात कुणालाच ऐकू येत नाही. ऐकू येते ती पट्ट्यांची खटखट. जड पट्ट्या, खाली लाकडी टेबल, रात्रीची वेळ, त्यामुळे ती चांगलीच येते. सुरुवातीला मी तिला विचारलं, झोपमोड होते का. म्हणाली, "कशाची? अडकित्ता चालल्यागत वाटतंय." पुढं एकदा सकाळी चहा घेताना म्हणाली, "रात्री ते एका हाताचं लई आणि दुसऱ्याचं थोडकं हाय, ते वाजवलंस नव्हं?" तेच होतं. तिच्या खोलीत एकही सूर पोचत नव्हता आणि तिनं ते वजनावरून ओळखलं होतं. त्यानंतर ती कधीकधी फर्माईश करायला लागली. "आज ते थोडकंवालं वाजव."

गेल्या मे महिन्यात एका रात्री तेच वाजवत होतो. दिवसभर अंग भाजून निघालं होतं, संध्याकाळपासून आभाळ आलं होतं, वारं नाही. त्या प्रेल्यूडात शेवटाकडे एक जागा आहे. उजवा हात उसळतो, भडकतो, आणि मग हळूहळू खाली बसत जातो, विझत जातो. शेवटी एक विराम येतो, पूर्ण शांतता, त्यावर 'हवं तेवढं थांब' अशी खूण. त्यानंतर तीन कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेल्या सुरांचे तीन ठोके, अगदी हलके, की संपलं.

त्या उसळीवर होतो आणि वळीव आला. खिडकी आदळली, लाइट गेली. कानात एकदम काहीच नाही. बोटं सवयीनं आणखी चार-पाच ठोके चालली आणि थांबली. मी हेडफोन काढून मानेत अडकवला. पत्र्यावर पावसाचे मोठमोठे थेंब, मातीचा वास, गच्चीवरच्या पोरांची आरडाओरड.

बाहेरच्या खोलीतून आईचा आवाज आला. "थांबलास कामून?"

"आई, लाइट गेली."

"मग?" ती म्हणाली. "मला तर तसंच ऐकू यायलं होतं."

पट्ट्या दिसत नव्हत्या. डाव्या हाताची तीन बोटं आधी जागेवर गेली, उजवा मागून आला. पुढचं सगळं मी तसंच वाजवलं, विरामापर्यंत. तिथं थांबलो. नेहमीपेक्षा जरा जास्तच थांबलो, कारण पाऊस चांगला लागला होता. मग ते तीन ठोके दिले.

"झालं?" आईनं विचारलं.

"झालं."

"मग खिडकी लाव आता. पाणी यायलंय आत."